टोकन, फलाट आणि चॅनेल



हलक्या कोरूटीनांच्या साहाय्याने माहितीची पाइपलाइन कशी बांधावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली, ती मला दिसली. परंतु माझे प्रामाणिक मत असे की, हा विषय पुण्यामुंबईच्या श्रोत्यांपेक्षा लोंढ्याच्या श्रोत्यांना समजावून सांगणे अधिक सोपे आहे. ज्या गावाचा दिवस गाड्यांच्या वेळांवर उगवतो आणि मावळतो, जेथे बेळगावकडून आलेला रस्ता हुबळीकडे आणि गोव्याकडे असा दुभंगतो, त्या गावाला वाट पाहणे, वाट देणे आणि हाती आलेली वस्तू पुढच्याच्या हाती सोपवणे या तीन गोष्टी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. आणि या विषयात या तीन गोष्टींपलीकडे फारसे काही नाही.

विचार हवेत तरंगू नये म्हणून एक काम आपल्यासमोर ठेवतो. प्रत्येक जुन्या शाळेत एक जनरल रजिस्टर असते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस, एवढे त्यात लिहिलेले असते. कागद पिवळा पडलेला, शाई उडत चाललेली. पण आपल्यापैकी कित्येकांच्या निवृत्तिवेतनाला, पारपत्राला, मुलांच्या जातीच्या दाखल्याला अखेरचा आधार त्या एका ओळीचाच असतो. आपल्या भागात तर त्या रजिस्टरात इतिहासाचे थर दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या पानांवर मुंबई राज्य, त्यानंतर म्हैसूर, १९७३ नंतर कर्नाटक. काही नोंदी मोडी वळणाच्या, काही देवनागरी, काही कन्नड, काही इंग्रजी. एकाच घराण्याचे आडनाव तीन लिप्यांत तीन प्रकारे लिहिलेले. समजा, अशा रजिस्टरांतील ६,००० नोंदी संगणकावर आणावयाच्या आहेत. त्यांतील एकही नोंद वाटेत हरवता कामा नये, कारण हरवलेली नोंद म्हणजे एका माणसाचा हरवलेला जन्मदिवस.

या कामाच्या चार पायऱ्या करू. पहिलीवर नोंदीचे छायाचित्र उघडावयाचे. दुसरीवर त्यातील अक्षरे ओळखावयाची. तिसरीवर तारीख आणि नाव तपासून तीच नोंद आधी आली आहे का, हे पाहावयाचे. चौथीवर ती कायमची साठवावयाची. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, पहिल्या पायरीला ०.१ सेकंद लागतो, दुसरीला २, तिसरीला ०.३ आणि चौथीला ०.१. एका नोंदीला अडीच सेकंद. एक नोंद अखेरपर्यंत नेऊन मगच दुसरीला हात घालावयाचा, असा साधा क्रम ठेवला तर ६,००० नोंदींना १५,००० सेकंद, म्हणजे चार तास दहा मिनिटे लागतील.

आता प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र कामकरी बसवा. पहिला छायाचित्र उघडून दुसऱ्याच्या हाती देतो आणि लगेच पुढचे उघडतो. चौघेही एकाच वेळी कामात. यालाच पाइपलाइन म्हणतात. वाटेल की आता काम चौपट वेगाने होईल. तसे होत नाही. दर दोन सेकंदांनी एकच नोंद दुसऱ्या पायरीवरून बाहेर पडते, म्हणून एकंदर वेळ १२,००० सेकंदांच्या जवळपास, तीन तास वीस मिनिटे. वाचली अवघी पन्नास मिनिटे. कॅसलरॉकच्या पलीकडचा घाट आठवा. ३७ फुटांना एक फूट असा तो उतार; चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. लोंढ्याच्या यार्डात दहा मालगाड्या तयार उभ्या असल्या, तरी घाट जेवढ्या सोडील तेवढ्याच पलीकडे जाणार. पाइपलाइनचा वेग तिच्या सर्वांत सावकाश पायरीचा वेग असतो.

मग त्या दुसऱ्या पायरीवर एकाऐवजी आठ कामकरी बसवावेत. संगणकाला आठ गणनकेंद्रे, म्हणजे ज्यांना कोअर म्हणतात ती, असतील तर अक्षरओळखीची नोंद दर पाव सेकंदाला बाहेर पडू लागेल. आता सावकाश कोण? तिसरी पायरी, ०.३ सेकंदांची. काम १,८०० सेकंदांत, अर्ध्या तासात उरकते. येथे नववा अक्षरवाचक नेमला तर एका सेकंदाचाही लाभ नाही. तिसऱ्या पायरीवर दोघे बसवले की अडथळा पुन्हा दुसरीवर सरकतो आणि वेळ १,५०० सेकंदांवर, पंचवीस मिनिटांवर येतो. अडथळा कधी नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. पाइपलाइन बांधणाऱ्याने प्रथम घड्याळ हाती घ्यावे आणि मग कामकरी नेमावेत. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट क्रम चालतो.

आता या कामकऱ्यांकडे वळू. साधा उपक्रम, ज्याला संगणकाच्या परिभाषेत सबरुटीन म्हणतात, तो बोलावला की प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून सुरू होतो, काम संपवतो आणि परत जातो. मागच्या वेळी आपण कोठे होतो याची त्याला आठवण नसते. कोरूटीन मात्र मध्येच थांबते, दुसऱ्याला वाट देते आणि पुन्हा बोलावले की थांबल्या जागेपासून पुढे चालू लागते. भजनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी ती उचलतात. टाळकरी गात असताना बुवा अभंग विसरत नाहीत, ते आपल्या जागी थांबलेले असतात. हा शब्द मेल्व्हिन कॉनवे यांनी १९५८ साली योजला आणि १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी कोबॉल भाषेचा कंपायलर अशा परस्परांना वाट देणाऱ्या भागांतून कसा रचता येतो ते दाखवले. प्रत्येक भाग असा लिहावयाचा की जणू तोच मुख्य आहे आणि बाकीचे त्याच्या सेवेला आहेत. कल्पना साधी आहे, पण तिने लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचा केवढा भार उतरवला! आपल्या अक्षरवाचकाला साठवणीची चिंता नको, साठवणाऱ्याला लिपीची नको.

१९७३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीत पाइप बसवला. एका प्रोग्रामचे उत्पन्न दुसऱ्याचा कच्चा माल होऊ लागले. आणि १९७८ साली टोनी होअर यांनी एक निबंध लिहिला. या होअरांचा जन्म आपल्या शेजारच्या कोलंबोचा. स्वतंत्र चालणाऱ्या क्रमिक प्रक्रिया एकमेकींशी केवळ निरोप देऊन-घेऊन व्यवहार करतात, एकमेकींच्या वहीत हात घालत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत. देणारा आणि घेणारा दोघेही तयार झाले की देवाणघेवाण होते. जो आधी पोहोचेल तो थांबतो.

हा सिद्धांत कागदावर राहिला नाही आणि त्याचा एक पडसाद आपल्या अगदी जवळ, पुण्यात उमटला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील इनमॉस या कंपनीने ट्रान्सप्यूटर नावाची चिप बनवली. तिच्यासाठी डेव्हिड मे यांनी रचलेली ऑकम ही भाषा होअरांच्या विचारावर उभी होती. ट्रान्सप्यूटरच्या अंगातच अशी सोय होती की, चालू प्रक्रिया निरोपाची वाट पाहू लागली की चिप स्वतःहून तिला बाजूला ठेवी आणि रांगेतील पुढची प्रक्रिया चालवी. शेजारच्या ट्रान्सप्यूटरांशी बोलण्यासाठी तिला चार दुवे होते. प्रत्येक दुवा म्हणजे एक निरोपवाट. त्या सुमारास मोसमी पावसाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवा होता आणि हवा तेवढ्या ताकदीचा मिळत नव्हता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, विजय भटकर तिचे संचालक झाले आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. इनमॉसच्या टी-८०० जातीचे अनेक ट्रान्सप्यूटर निरोपवाटांनी एकमेकांना जोडून तो रचला होता. विदर्भातील एका खेड्यात जन्मलेल्या संशोधकाच्या नेतृत्वाखाली पुण्यात जे घडले, त्याचे वर्णन वृत्तपत्रांनी राष्ट्राभिमानाच्या भाषेत केले, ते योग्यच होते. पण त्यामागचा तांत्रिक विचार त्याहून मोठा आहे, असे मला वाटते: एक पहिलवान मिळत नसेल तर अनेक सामान्य माणसे घ्या, मात्र त्यांच्यातील देवाणघेवाण नीट बांधा.

तोच विचार पुढे भाषांत उतरला. रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि तेच केन थॉम्प्सन यांनी गूगलमध्ये रचलेली गो ही भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जगापुढे आली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. तिच्यातील हलक्या कामकऱ्याचे नाव गोरुटीन आणि निरोपवाटेचे नाव चॅनेल. काटेकोर बोलावयाचे तर गोरुटीन हे कॉनवे यांच्या अर्थाने शुद्ध कोरूटीन नव्हे. ते केवळ स्वतःच्या मर्जीने वाट देत नाही. फार वेळ अडून बसले तर भाषेचा व्यवस्थापक त्याला थांबवू शकतो. पण कुळ तेच.

हलके म्हणजे किती हलके? संगणकाची कार्यप्रणाली जो कामकरी देते त्याला थ्रेड म्हणतात. लिनक्सवर अशा प्रत्येक थ्रेडच्या नावे सामान्यतः ८ मेगाबाइट जागेचा पत्ता राखून ठेवला जातो. गोरुटीन सुमारे २ किलोबाइटवर सुरू होते आणि गरजेप्रमाणे वाढते. एक लाख गोरुटीने उभी केली तर सुरुवातीची जागा सुमारे २०० मेगाबाइट, आजच्या साध्या संगणकाच्या आवाक्यातील. एक लाख थ्रेड उभे करावयाचे मनात आणले तर राखीव पत्त्यांचाच हिशेब ८०० गिगाबाइटांवर जातो. हे साधते कसे? यार्डात पाहा. प्रत्येक डब्यांच्या रांगेला कायमचे इंजिन जोडून ठेवलेले नसते. एखादी रांग बाजूच्या रुळावर थांबली की तिचे इंजिन सुटते आणि दुसरीला लागते. इंजिने थोडी, रांगा पुष्कळ. थ्रेड ही इंजिने आणि गोरुटीने या रांगा. निरोपाची वाट पाहणारे गोरुटीन आपला थ्रेड सोडून देते, म्हणून त्याचे थांबणे जवळपास फुकट असते. अर्थात रांगा वाढवल्याने इंजिने वाढत नाहीत, हेही तितकेच खरे. अक्षरओळखीसारखे डोके चालवण्याचे काम असेल तर जितके कोअर तितकाच वेग. हजार गोरुटीने नेमून आठ कोअरचे नऊ होत नाहीत. जेथे कामाचा बराचसा वेळ दूरच्या संगणकाच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, तेथे मात्र हा हलकेपणा विलक्षण उपयोगी पडतो.

आता चॅनेलकडे येऊ, कारण खरे मर्म तेथे आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी म्हणून टोकनची पद्धत आली. स्टेशन मास्तरने यंत्रातून काढलेला लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी पुढच्या खंडात शिरत नसे. ज्याच्या हाती गोळा, मार्ग त्याचा. चॅनेलवरून जाणाऱ्या नोंदीलाही हाच नियम लावावा: जिच्या हाती नोंद आहे तीच पायरी तिला हात लावील, पुढे दिली की आपला हक्क संपला.

हा नियम मोडला तर काय होते, ते एका छोट्या उदाहरणाने सांगतो. साठवलेल्या नोंदींची संख्या एकाच फळ्यावर लिहिलेली आहे आणि दोन कामकरी ती वाढवतात. पहिल्याने फळ्यावर ४१ वाचले. त्याने ४२ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्यानेही ४१ वाचले. दोघांनीही ४२ लिहिले. नोंदी दोन झाल्या, आकडा एकाने वाढला. कोणीही चूक केली नाही, तरी हिशेब चुकला. आणि हे रोज घडत नाही. शंभर वेळा बरोबर चालते आणि एकशे एकाव्या वेळी बिघडते, म्हणून असा दोष शोधणे अत्यंत कष्टाचे. गो भाषेत अशी टक्कर हुडकणारे साधन आहे आणि ते प्रत्येक चाचणीच्या वेळी वापरावे. पण त्याहून बरा उपाय म्हणजे फळाच एकाच्या ताब्यात द्यावा आणि बाकीच्यांनी त्याला चॅनेलवरून निरोप पाठवावा.

चॅनेल दोन प्रकारचे. एकात साठवणुकीला जागाच नाही; देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात भेटल्याशिवाय वस्तू हलत नाही. दुसऱ्यात ठरावीक जागा असते. या दुसऱ्या प्रकारासाठी मिरजेचा फलाट आठवावा. पुणे-मिरज मार्ग ब्रॉड गेज झाल्यानंतर, आपल्याकडचा मार्ग नव्वदच्या दशकात रुंद होईपर्यंत, मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला मिरजेला उतरून मीटर गेजची गाडी धरावी लागे. येथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने तो ट्रंक डोक्यावर घेऊन केलेला प्रवास अनुभवला असेल. दोन गाड्यांच्या वेळा आणि वेग वेगळे. मधला फरक फलाट पोटात घेत असे. चॅनेलची साठवण हेच करते. क्षणभर अक्षरवाचक पुढे गेला आणि तपासनीस मागे राहिला, तर मधल्या चार-सहा नोंदी फलाटावर थांबतात.

परंतु फलाटाला लांबी असते, आणि तीच त्याची खरी योग्यता आहे. फलाट भरला की मागची गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी राहते. तिच्या मागची तिच्यामागच्या स्थानकात. रोध मागे मागे सरकत उगमापर्यंत पोहोचतो आणि उगमस्थान आपोआप सावकाश होते. पाइपलाइनमध्ये हा मागे जाणारा रोध दोष मानू नये. तो तिचा लगाम आहे. नवशिका प्रोग्रामर येथे हमखास एक पळवाट काढतो. थांबणे नको म्हणून तो अमर्याद फलाट बांधतो. पहिला तास सारे सुरळीत दिसते. छायाचित्रे उघडणारा झपाट्याने पुढे जातो, हजारो चित्रे स्मृतीत साचतात आणि मग एका क्षणी संगणकाची स्मृती संपून सारी गाडीच बंद पडते. फलाटावरच्या सगळ्या नोंदींसह. आठ अक्षरवाचक असतील तर आठ-सोळा जागांची साठवण सामान्यतः पुरते. त्याहून मोठी साठवण हवीशी वाटली, तर घड्याळ घेऊन पुन्हा सावकाश पायरी शोधावी.

येथवरचा भाग बहुतेकांना साधतो. कठीण भाग थांबण्याचा आहे.

शेवटची नोंद पुढे गेली, हे पुढच्या पायरीला कळणार कसे? चॅनेल रिकामे आहे, याचा अर्थ काम संपले की मागचा कामकरी सावकाश आहे? केवळ रिकामेपणावरून हे ठरत नाही. रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. गाडीच्या शेवटच्या डब्यावर एल. व्ही. अक्षरांची पाटी किंवा मागचा दिवा असतो. स्थानकावरचा कर्मचारी तो पाहतो, तेव्हाच गाडी संपूर्ण आली, तिचा एखादा डबा मागे तुटून राहिलेला नाही, अशी खात्री होते आणि मागचा खंड मोकळा झाला असे मानले जाते. गो भाषेत चॅनेल बंद करणे म्हणजे ही पाटी लावणे. बंद चॅनेलमध्ये उरलेल्या नोंदी घेणाऱ्याला मिळतच राहतात; त्या संपल्या की मग 'आता काही येणार नाही' असे त्याला स्पष्ट कळते. ही पाटी देणाऱ्यानेच लावावयाची, घेणाऱ्याने नव्हे, कारण आपल्याकडे आणखी काही आहे की नाही हे देणाऱ्यालाच ठाऊक. बंद केलेल्या चॅनेलवर कोणी नोंद पाठवली तर प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो.

आपल्या रचनेत मात्र अक्षरवाचक आठ आहेत आणि ते एकाच चॅनेलवर देतात. पाटी कोणी लावावी? पहिल्याने संपताच लावली तर उरलेले सात कोसळतील. कोणीच लावली नाही तर तपासनीस जन्मभर वाट पाहत बसेल. म्हणून एक वेगळा हिशेबनीस ठेवतात, त्याला गो भाषेत वेटग्रुप म्हणतात. आठांपैकी प्रत्येक जण जाताना त्याला सांगून जातो. आठवा गेला की हिशेबनिसाकडून इशारा मिळून चॅनेल बंद होते. एवढीशी गोष्ट, पण पाइपलाइनमधील निम्मे अपघात येथे होतात, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे थांबणे संकटाचे. समजा, चौथ्या पायरीवर साठवणीची तबकडी भरली आणि तो कामकरी काम सोडून गेला. आता तपासनिसाच्या हातातली नोंद घेणारे कोणी नाही, तो थांबला. त्याच्यामागे अक्षरवाचक थांबले. ती सर्व गोरुटीने स्मृतीत जागा अडवून तशीच उभी राहतात. भाषेची साफसफाई निरुपयोगी वस्तू उचलते, थांबलेला कामकरी उचलत नाही. सर्वच गोरुटीने अडली तर गो भाषा गोंगाट करून प्रोग्राम बंद करते. पण बाकी काही चालू असेल तर ही अडलेली मंडळी कोणाच्या ध्यानीही येत नाहीत. यावर उपाय असा की, आरंभीच सर्वांना दिसणारा एक सामाईक सिग्नल उभारावा. त्यासाठी आणखी एक चॅनेल ठेवतात, ज्यावरून कधीच काही पाठवावयाचे नाही. संकट आले की ते फक्त बंद करावयाचे. प्रत्येक कामकरी देताना आणि घेताना दोन्हींकडे पाहतो: हात पुढे आला आहे का आणि सिग्नल पडला आहे का. सिग्नल पडला की तो आवरून निघतो. गो भाषेत कॉन्टेक्स्ट या नावाखाली ही सोय तयारच मिळते.

तिसरी गोष्ट क्रमाची. आठ वाचक एकदम काम करू लागले की तेराव्या पानाची नोंद बाराव्याच्या आधी बाहेर पडू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या रजिस्टराचा, पानाचा आणि ओळीचा क्रमांक अखेरपर्यंत प्रवास करील अशी व्यवस्था पहिल्याच पायरीवर करावी.

आणि न वाचता आलेल्या नोंदींचे काय? शाई उडालेली, कडा वाळवीने खाल्लेली, तारखेच्या जागी केवळ 'श्रावण' आणि शके लिहिलेले, अशा नोंदी निघणारच. पुष्कळ पाइपलाइनी अशी नोंद येताच तिला मुकाट्याने टाकून पुढे जातात, कारण त्यामुळे गाडी थांबत नाही. हे मला सर्वांत मोठे पाप वाटते. कारण जी ओळ यंत्राला वाचता येत नाही ती बहुधा सर्वांत जुनी असते आणि तिच्यावाचून ज्याचे अडते त्याच्याकडे दुसरा कागद नसतो. पहिल्याच अडचणीला संपूर्ण काम थांबवणेही बरे नव्हे. अडचण हीदेखील एक नोंदच मानावी: क्रमांक तोच, पण मजकुराच्या जागी 'वाचता आली नाही' आणि का आली नाही, हे लिहिलेले. ती त्याच चॅनेलवरून इतरांबरोबर पुढे जाते आणि शेवटच्या पायरीवर वेगळ्या यादीत पडते.

या साऱ्या खटाटोपाची गरज केव्हा नसते, हेही सांगितले पाहिजे. पन्नास नोंदी असतील तर एकामागून एक वाचणारा साधा प्रोग्राम सव्वादोन मिनिटांच्या आत काम संपवील, आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसेल. गोरुटीन स्वस्त आहे म्हणून ते पेरीत सुटणाऱ्या तरुणांना मी नेहमी विचारतो, हा कामकरी केव्हा संपणार? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तो अद्याप नेमू नये. हाच प्रश्न पायथॉन, कोटलिन किंवा अन्य भाषांतील कोरूटीनांनाही लागू आहे. नावे बदलतात, थांबण्याचे कोडे तेच राहते.

काम संपल्यावर करावयाचा ताळा गणिताच्या तासाला शिकलेलाच आहे. आत गेलेल्या नोंदी ६,०००. साठवलेल्या अधिक दुबार अधिक न वाचलेल्या, यांची बेरीज ६,००० आली पाहिजे. ५,९९९ आली तर कारण सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे म्हणू नये. क्रमांक प्रत्येक नोंदीसोबत असल्यामुळे कोणत्या पानाची कोणती ओळ गळाली हे लगेच कळते.

न वाचलेल्या नोंदींची यादी मग माणसांकडे जाते. पडद्याच्या डाव्या बाजूला मूळ ओळीचे छायाचित्र, उजवीकडे रिकामी जागा. एकच ओळ दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचावी, आणि दोन वाचने जुळली तरच ती स्वीकारावी. न जुळल्यास तिसऱ्याकडे द्यावी. मोडी वळण ओळखणारे, या तालुक्यातील जुनी आडनावे आणि वाड्यांची नावे कानावरून गेलेले असे डोळे यासाठी लागतात. असे डोळे असलेली माणसे या सभागृहात पहिल्या दोन रांगांतच पुष्कळ दिसत आहेत.